वेशीवरची खुर्ची

कुणाच्याही नव्या घरी गेलं की सर आधी भिंतीशी बोलत. यजमान दारात 'या, या' करत असायचे, आतून सत्यनारायणाच्या शिऱ्याचा वास येत असायचा आणि सर बूट काढायच्या आधीच पॅसेजमधल्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत उभे. मग कुणालाही न विचारता बेसमेंटचा जिना उतरायचे, वॉटर हीटरच्या मागे वाकून बीम बघायचे, वर यायचे आणि मगच हात धुऊन प्रसाद घ्यायचे. बीम पसंत पडली तर काही बोलत नसत. पसंत पडली नाही तर यजमानांना बाजूला घेऊन विचारायचे, "पियानो घ्यायचा विचार आहे का? नसला तर बरं."

एकदा एक यजमानीणबाई चिडल्या. "सर, इन्स्पेक्शन झालंय घराचं. रीतसर."

"ज्यानं केलं, तो इथं झोपणार आहे का?" सरांनी विचारलं आणि शिऱ्याची वाटी पुढे केली.

हा हट्ट त्यांना धंद्यातून लागला होता. ते स्ट्रक्चरल इंजिनिअर. मूळचे अमरावतीचे, शिकायला म्हणून अमेरिकेत आले आणि शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत पार्किंगच्या बहुमजली इमारती उभ्या करत म्हातारे झाले. अशी इमारत तयार झाली आणि पहिली गाडी वर चढू लागली की सर बरोबर त्या स्लॅबखाली जाऊन उभे राहायचे. गाडी डोक्यावरून जाईपर्यंत हलायचे नाहीत. ऑफिसातले लोक आधी हसले, मग घाबरले, मग त्यांना सवय झाली. कुणी कारण विचारलं तर सर बॅबिलोनच्या हमुराबी राजाकडे जायचे. हमुराबीने दगडावर कायदे कोरून घेतले, त्यात घर बांधणाऱ्यासाठीही एक आहे. त्याने बांधलेलं घर पडून मालक मेला, तर बांधणाऱ्यालाही मरण. "पावणेचार हजार वर्षं झाली त्याला," सर म्हणायचे. "आमच्या धंद्याचा तो पहिला बिल्डिंग कोड. बाकीचे मागून आले."

या एका कायद्याच्या पायी ते बाकीच्या कायद्यांत शिरले. दुपारच्या सुट्टीत, प्रवासात, पुढे रिटायर झाल्यावर दिवसभर. मातीच्या पाट्यांवरची ती बाणाच्या टोकांसारखी लिपीही त्यांनी हळूहळू शिकून घेतली. त्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर गणपतीशेजारी स्वतः भाजलेली मातीची एक पाटी होती. तिच्यावर काय लिहिलंय असं विचारलं तर म्हणायचे, "चुका."

या माणसाला मी एका अख्ख्या वसंतात दाराबाहेर बसवून ठेवलं. ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. पण आधी माणूस सांगतो, नाहीतर मी काय केलं ते नीट कळणार नाही.

आमची मराठी शाळा रविवारी सकाळी एका चर्चच्या भाड्याने घेतलेल्या तळघरात भरते. दहा-बारा वर्षांची मुलं सरांकडे असायची. ही मुलं मराठी समजतात आणि उत्तर इंग्लिशमध्ये देतात. सरांचं म्हणणं, त्यांना घरी रोज एकच मराठी वाक्य ऐकू येतं, 'जर पसारा आवरला नाहीस तर बघ', तेव्हा शिकवायला सुरुवात तिथूनच करावी. हमुराबीचे सगळे कायदेही 'जर'पासून सुरू होतात. जर माणसाने असं केलं, तर त्याचं तसं व्हावं. सर मुलांना ओली माती आणि चायनीज रेस्टॉरंटमधल्या चॉपस्टिक द्यायचे आणि स्वतःचे कायदे लिहायला लावायचे. माझ्या मुलाने लिहिलेला एक मला पाठ आहे: जर भावाने माझा चार्जर घेतला आणि परत दिला नाही, तर त्याचा फोन मरेपर्यंत त्याला नुसतं बघत बसवावं.

सर हमुराबीची आरती करत नसत. त्या कायद्यात मोठ्या माणसाचा डोळा फोडला तर डोळ्याला डोळा, पण गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या अर्धी भरपाई, तीही त्याच्या मालकाला. हे सांगितलं की वर्गातून हमखास आवाज यायचा, "दॅट्स नॉट फेअर!"

"मराठीत."

"हे फेअर नाहीये."

"अजून मराठीत."

"हे... बरोबर नाही."

"कोणाला सांगतेस?"

"राजाला."

"मग बसून काय सांगतेस? उभी राहून सांग."

आणि ती मुलगी उभी राहून, सगळ्या जगाच्या राजाला, तळघरातल्या घुमणाऱ्या पाइपांच्या साक्षीने सांगायची की हे बरोबर नाही. एका मुलाने त्यांना नदीबद्दल विचारलं होतं. काही आरोपांत आरोपीला नदीत उडी घ्यावी लागे. बुडाला तर दोषी, वाचला तर निर्दोष. "बट सर, व्हॉट इफ ही नोज स्विमिंग?" सरांनी खडू खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी त्यांच्या रिटायरमेंटच्या पार्टीतही पाहिला नव्हता. "हा प्रश्न विचारायला माणूस लागतो बाप्पा," ते म्हणाले आणि उरलेला तास त्या एका प्रश्नात गेला.

सगळ्यात जास्त ते ज्या कायद्यावर अडून बसायचे, तो आरोप करणाऱ्याचा. हमुराबीचा पहिलाच कायदा असा की एखाद्यावर खुनाचा आरोप केला आणि सिद्ध करता आला नाही, तर आरोप करणाऱ्यालाच देहदंड. शाळेच्या एका पॉटलकनंतर, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणानंतर, एका काकूंचा प्रेशर कुकर सापडेना. दुसऱ्या एका काकूंच्या पिशवीकडे बघत त्या मोठ्याने म्हणाल्या, "काही लोकांना दुसऱ्याच्या वस्तू उचलायची सवयच असते." झालं. सर पुढे झाले. "आरोप आहे का? मग नाव घ्या. साक्षीदार आणा. सिद्ध नाही झालं, तर तुमचा कुकर यांचा." सगळे हसत होते, सर हसत नव्हते. शेवटी कुकर आरोप करणाऱ्या काकूंच्याच मिनीव्हॅनमध्ये, दुमडलेल्या सीटखाली निघाला. सरांनी तो शिटीसकट दुसऱ्या काकूंच्या हातात ठेवला. त्या पुढच्या रविवारी त्यात मसालेभात घालून परत घेऊन आल्या आणि दोघी एकाच टेबलावर जेवल्या. तेव्हापासून आमच्याकडे कुणी कुणाबद्दल वाईट बोलू लागलं की तिसरा म्हणायचा, "हळू, सर ऐकतील. कुकर जाईल."

आणि पाडवा. बॅबिलोनचं नवं वर्षही वसंतातच येई, आपल्या पाडव्याच्या आगेमागे. त्या सणात राजाला देवळात नेत. पुजारी त्याचा राजदंड काढून घेई, मुकुट काढून घेई आणि राजाच्या थोबाडीत मारी. मग कान धरून त्याला देवापुढे गुडघ्यांवर बसवत. राजाने तिथे सांगायचं की मी पाप केलं नाही, नगराची हेळसांड केली नाही, माझ्या आश्रयाला असलेल्यांच्या गालावर हात उचलला नाही, त्यांचा अपमान केला नाही. त्यानंतर मुकुट परत मिळे आणि पुन्हा एक थोबाडीत. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न. "हे हमुराबीच्या वेळचं नाही हं," सर दर वेळी बजावायचे. "ज्या पाटीवर हे लिहिलंय ती फार नंतरची. हमुराबीला कोणी मारली होती का, माहीत नाही. मारायला पाहिजे होती. दगडावर 'मी न्यायी आहे' असं कोरून ठेवणाऱ्याला तर दर वर्षी."

वर्गाचे राजे सर. म्हणून दर पाडव्याला, गुढी उभारून झाली की, सर खुर्चीवरून उठायचे, कानटोपी काढायचे, गाडीची किल्ली काढायचे आणि चष्मा काढून माझ्या हातात द्यायचे. मी तेव्हा शाळेचा प्रमुख होतो, आणि ही गंमत बघायला हजर असायचोच. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी खाली बसायचे. वर्गातलं सगळ्यात नवं मूल पुजारी व्हायचं. कान धरायचं. सर एकेक वाक्य म्हणायचे आणि मग ते मूल मारायचं. सर एकच थोबाडीत घ्यायचे. दुसरी म्हणे अमेरिकेत माफ. माझ्या मुलाने त्याच्या वर्षी नुसता हात लावला, तर सर म्हणाले, "डास मारतोस का? राजा आहे मी." मी चष्मा धरून पोट धरून हसत होतो.

एका वर्षी ते वाक्यं म्हणता म्हणता थांबले. "आश्रयाला असलेल्यांचा मी अपमान केला नाही, हे यंदा मला म्हणता येत नाही," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात मी आर्यनच्या 'ळ'ला हसलो होतो. आर्यन, हे वाक्य मी सोडतोय." आर्यन स्वतः ते विसरून गेला होता. सर विसरले नव्हते.

ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे, त्या वर्षी नवं मूल होतं रेवा. टेक्सासहून नुकतीच आलेली, कुणाशी फारशी न बोलणारी. तिने आधी मान हलवून नाही म्हटलं. सर म्हणाले, "राजाला घाबरतेस? मग त्याला सांगणार कोण?" तेव्हा तिने ओठ घट्ट मिटले आणि दिली ठेवून. सरांचा गाल लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं आणि ते दोन्ही हात वर करून ओरडले, "पाणी आलं! वर्ष चांगलं जाणार!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना चष्मा परत दिला. रेवाकडे कुणीच पाहिलं नाही, मीसुद्धा.

दुपारी पालकांच्या ग्रुपवर तिच्या आईचा, मृणालचा मेसेज आला: रेवा वर्गातून रडत आली आहे, खोलीचं दार लावून बसली आहे, काही सांगत नाही. सरांनी तिला मारलं का?

आईने विचारावा असाच तो प्रश्न होता. पण संध्याकाळपर्यंत त्याचं प्रश्नचिन्ह गळून पडलं. सर मारतात असं एकाने लिहिलं. आपण पहिल्यापासून म्हणत होतो, असं दुसऱ्याने. चर्चवाल्यांना कळलं तर शाळेची जागा जाईल, पोलिसांपर्यंत गेलं तर काय, असं आणखी कुणी. मी एक ओळ लिहिली: 'मी तिथे होतो. सरांनी तिला मारलं नाही, तिने सरांना मारलं.' ती ओळ मी बराच वेळ बघत बसलो. मग पुढचा प्रश्न दिसू लागला. एक लहान मुलगी एका म्हाताऱ्या माणसाला मारते आहे आणि शाळेचा प्रमुख शेजारी चष्मा धरून हसतो आहे? मी ती ओळ पुसली आणि सगळ्या पालकांना ईमेल पाठवली. 'संबंधित शिक्षकांना तत्काळ पदावरून दूर करण्यात आलं आहे.' कोणी दूर केलं, ते त्या वाक्यात नव्हतं. मी ते मुद्दाम तसं लिहिलं होतं.

बायकोने वाचलं. "तुम्ही होतात ना तिथे?"

"अगं, प्रोसेस असते. मुलांच्या बाबतीत रिस्क घेता येत नाही."

"चौकशी होईपर्यंत थांबवणं वेगळं. तुम्ही तर निकालच लावलात. आणि चष्मा तुमच्या हातात होता."

सरांना मी फोन केला. त्यांनी विचारलं, "फिर्यादी कोण?"

"तसं सांगता येत नाही, सर."

"साक्षीदार?"

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"सुनावणी कधी?"

"बघू. सध्या वातावरण जरा तापलंय."

"बरं," सर म्हणाले. "मी वेशीवर बसतो."

मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. पुढच्या रविवारी गाडी पार्क केली तर चर्चच्या दाराबाहेर, दारापासून अंतर राखून, सर फोल्डिंगच्या खुर्चीवर बसलेले. कानटोपी, मांडीवर शाल, पायाशी चहाचा थर्मास. त्या काळी गावोगावचे खटले वेशीपाशी चालत, हे त्यांनीच शिकवलेलं. बॅबिलोन हे नावच मुळी 'देवाचं दार' अशा अर्थाचं, असंही त्यांनीच. मी गाडीत बसून राहिलो. मग इमारतीला वळसा घालून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत गेलो.

शिकागोचा एप्रिल म्हणजे वसंत फक्त कॅलेंडरवर. एका रविवारी गारठ्याचा पाऊस होता, एका रविवारी बर्फ. सर छत्री घेऊन बसले. आत यायला मागत नव्हते, कुणाकडे तक्रार करत नव्हते, कुणी विचारलं तर "तारीख पडायची आहे" एवढंच म्हणायचे. काही पालक मान खाली घालून बाजूने जायचे. काही मुलं मात्र वर्ग सुटला की त्यांच्याकडे जायची आणि नव्या बाईंनी दिलेला गृहपाठ त्यांना दाखवायची. पालक बघत असले की सर हात मागे बांधून नुसतं वाचायचे. ते हात मागे बांधणं मी खिडकीतून पाहिलं. त्या माणसाने जन्मात कुणावर हात उचलला नव्हता आणि आता तो हात लपवत होता. मी तरीही मागच्या दारानेच जात राहिलो. स्वयंपाकघरात उभा राहून पेपर प्लेट मोजल्यासारखं करायचो.

रेवा त्या दिवसापासून शाळेत आली नव्हती. मग एका रविवारी मृणाल तिला घेऊन आली. ती म्हणे स्वतःहून यायचं म्हणाली. मी स्वयंपाकघरात होतो. दार ढकलून रेवा आत आली, जॅकेटवर पावसाचे थेंब.

"काका, सर बाहेर का बसलेत?"

"ते... जरा एक काम आहे त्यांचं."

"ते म्हणाले, ट्रायल आहे. जज येईपर्यंत थांबायचं." ती माझ्याकडे बघत राहिली. "मी विचारलं, हू इज द जज? ते म्हणाले तुम्ही."

मी पुन्हा प्लेट मोजू लागलो.

"देन व्हाय आर यू इन द किचन?"

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. मी हातातल्या प्लेट ठेवल्या आणि बऱ्याच आठवड्यांनी पुढच्या दाराने बाहेर आलो.

सरांनी मान वर केली. "काहून रे, आज इकडून?"

"सुनावणी घेतो, सर."

"आता? पोरांना बोलवा. फिर्यादीला बोलवा. वेशीवरचा खटला गुपचूप होत नाही."

मुलं आली, पालक आले, पावसात छत्र्या उघडल्या गेल्या. मी मृणालला विचारलं. ती घाबरली नव्हती, संकोचली होती. "मी आरोप केला नव्हता," ती म्हणाली. "मी विचारलं होतं. मला कोणी उत्तरच दिलं नाही. एकदम ईमेलच आली. मला वाटलं, म्हणजे खरंच काहीतरी झालं असणार."

"बरोबर आहे तिचं," सर मध्येच म्हणाले. "आईनं विचारायलाच पाहिजे. तिच्यावर काही नाही."

मग रेवा. तिने आईचा हात सोडला. "सरांनी मला नाही मारलं. आय हिट हिम."

"मग रडलीस का गं बाळा?" मृणालने विचारलं.

"त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं त्यांना खूप लागलं. ही'ज सो ओल्ड."

कुणीतरी हसू दाबलं. सर गंभीरपणे म्हणाले, "एवढं एक मात्र निर्विवाद सिद्ध झालं."

"आणि साक्षीदार मी," मी म्हणालो. "मी शेजारी उभा होतो. सगळं पाहिलं. सरांचा चष्मा माझ्या हातात होता. त्याच दिवशी एका ओळीत सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही." छत्र्यांखालून सगळे माझ्याकडे बघत होते. "सर निर्दोष आहेत. सर, आत चला."

सर उठले नाहीत.

"तू पाहिलं होतंस नं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"मग बोलला काहून नाही?"

सरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. थर्मासचं झाकण लावलं आणि मुलांकडे वळले. "आता दुसरा खटला. न्यायाधीशानं निकाल दिला, शिक्का मारून सगळ्यांना पाठवला, आणि मग स्वतःचाच निकाल बदलला. कायदा काय म्हणतो?"

मुलांना तो पाठ होता. आधी एकाने, मग सगळ्यांनी, शाळेत म्हणतात तशा सुरात सांगितलं: "तर त्याला न्यायाच्या खुर्चीवरून उठवावं, आणि त्याने पुन्हा कधीही तिच्यावर बसू नये."

"बट काका तर उभेच आहेत," एक बारका म्हणाला.

सगळे हसले. मीही. पण सरांचे डोळे माझ्यावर होते आणि त्यांत गंमत नव्हती. रागही नव्हता. बेसमेंटमध्ये वाकून बीम बघताना असायचे तसे होते ते डोळे. भार पेलेल की नाही, एवढंच बघणारे.

"उठलो, सर," मी म्हणालो. त्याच दिवशी मी प्रमुखपद सोडलं आणि का सोडलं ते सगळ्या पालकांना लिहून पाठवलं. या वेळी वाक्याची सुरुवात 'मी'ने केली.

मग सर उठले. मी त्यांची खुर्ची दुमडून हातात घेतली. दारातून आत जाताना त्यांनी चौकटीवर पेराने टकटक केली आणि काही बोलले नाहीत.

त्यानंतर काही वर्षं ते शिकवत राहिले. माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे, घरी यायचे, जेवायचे. क्षमा केली असं कधी म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही. दर पाडव्याला चष्मा मात्र माझ्याच हातात द्यायचे. मी एकदा म्हटलं, दुसऱ्या कोणाला तरी द्या. तर म्हणाले, "साक्षीदार बदलायचा नसतो. सुधारायचा असतो." गुडघे फार झाले तेव्हा मुलीने त्यांना तिच्या घरी, पार्सिपनीला नेलं. गेल्या हिवाळ्यात ते तिथेच गेले. मुलीने डॅशबोर्डवरची मातीची पाटी मला पाठवली. मला वाचता येत नाही. शिकतो आहे.

त्यांचा वर्ग आता मी घेतो. यंदा समितीने मला पुन्हा प्रमुख व्हायला सांगितलं. एवढी वर्षं झाली, कोणाला काय आठवतंय, असं म्हणाले. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. कायद्यात 'काही वर्षं' असं नाही, 'कधीही' असं आहे, आणि तो पाठ असलेली मुलं आता कॉलेजात आहेत, पण आहेत.

या पाडव्याला गुढी उभारून झाली तेव्हा मी वर्गाच्या खुर्चीवरून उठलो. टोपी काढली, किल्ली काढली. रेवा आता मोठी झाली आहे, लहान मुलांच्या वर्गाला मदत करायला येते. चष्मा मी तिच्या हातात दिला. गुडघ्यांवर बसलो. पुजारी होती नवी मुलगी, मीरा, तिने माझा कान धरला. वाक्यं मुलांच्या समोर फळ्यावर लिहिलेली होती, माझ्याच अक्षरात.

"मी नगराची हेळसांड केली नाही," मी म्हणालो. "माझ्या आश्रयाला असलेल्यांच्या गालावर मी हात उचलला नाही."

पुढचं वाक्य फळ्यावर होतं. सरांनी एका वर्षी ते सोडलं होतं. मी ते सोडणार नव्हतो. म्हणायचं तर खरं म्हणायचं, असं ठरवूनच आलो होतो.

"एका माणसाचा मी अपमान केला. त्याला दाराबाहेर बसवलं आणि मागच्या दाराने गेलो."

मीराने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, दॅट्स नॉट द लाइन."

"माहीत आहे मला."

तिने रेवाकडे पाहिलं. रेवाच्या हातात माझा चष्मा होता. ती हसत नव्हती. तिने नुसती मान हलवली.

"डास मारू नकोस," मी म्हणालो. "मार."